दोन डॉक्टर आणि एक गुडघा

माझ्या नवऱ्याचा उजवा गुडघा वाकत नाही, हे आमच्या बिल्डिंगमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. जिन्याचा कठडा धरून, एकेक पायरी मोजत हे उतरायचे. पण हाच गुडघा कागदावर किती बिघडलेला दाखवायचा, हे ठरवताना माझं डोकं असं भंजाळलं की आजही नीट सांगता येत नाही.

हे फौजेत होते. सरहद्दीवर सुरुंग फुटला, गुडघ्यात तुकडे घुसले. काही काढले, काही आतच राहिले. मग पेन्शन देऊन घरी पाठवलं. साताऱ्याकडच्या गावात बसून करणार काय, म्हणून आम्ही वसई पूर्वेला दोन खोल्यांत आलो आणि हे सातिवलीच्या एका गोडाऊनवर सिक्युरिटीत लागले. तिथलाच एक जोडीदार, तोही माजी सैनिक, ड्युटीवर असताना हार्टने गेला. त्याच्या बायकोला भेटायला गेलो तेव्हा कळलं, त्याचा फौजेतला विमा तिथल्या नोकरीबरोबरच संपला होता. तिच्या पदरात काही पडलं नाही.

घरी येताच मी विचारलं, “आणि तुमचा?”

“माझाही संपला.”

“म्हणजे गोळ्या सुटत होत्या तेव्हा विमा होता, आणि आता खोक्यांची राखण करताय तर नाही?”

“तसंच म्हण,” हे म्हणाले आणि पेपर उघडून बसले. मला असला राग आला. मुलगी सातवीत, मी ब्लाउज शिवणारी. यांचं काही बरंवाईट झालं तर आम्ही दोघींनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

महिनाभर मी कानीकपाळी ओरडले तेव्हा कुठे हे तयार झाले. जवळच्या वटार गावचे एक रिटायर्ड मास्तर विम्याचं काम करायचे. बागायतदार माणूस, येताना केळ्यांची फणी घेऊन यायचे. त्यांची पद्धत अशी की फॉर्म सगळा ते स्वतः भरणार, आपण फक्त पेन्सिलीच्या फुलीवर सही करायची. शरीरात काही व्यंग आहे का, या रकान्यापाशी ते थांबले आणि म्हणाले, “इथं ‘नाही’ लिहू. बसलेल्या माणसाचा गुडघा कोण बघतो?”

“खोट्यावर मी सही करणार नाही,” हे म्हणाले. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. शेवटी ‘आहे’ लिहिलं आणि विम्याच्या डॉक्टरकडे तपासणी ठरली.

नेमकं त्याच आठवड्यात मुंबईच्या मिलिटरी हॉस्पिटलातून बोलावणं आलं. अपंगत्वाची पेन्शन चालू ठेवायची तर दर काही वर्षांनी तिथल्या डॉक्टरांच्या बोर्डापुढे जावं लागायचं. पाय अजून तितकाच वाईट आहे का, हे डॉक्टर बघणार. झालं. सोमवारी विम्याचा डॉक्टर, गुरुवारी बोर्ड. मी यांना गॅलरीत उभं करून शिकवलं, सोमवारी ताठ चालायचं, दुखतं म्हणून सांगायचं नाही; गुरुवारी लंगडायचं, सगळं दुखतं म्हणायचं. हे मुकाट्याने ऐकत होते, म्हणून मला वाटलं पटलंय.

सोमवारी विम्याचे डॉक्टर निघाले म्हातारे, प्रेमळ. “बसा आरामात, पाय कसा आहे?” म्हणाले आणि आमच्या माणसाने सुरुंगापासून सगळं सांगून टाकलं. आत राहिलेल्या तुकड्यांवर बोट ठेवून दाखवलं, थंडीत झोप लागत नाही हेही सांगितलं. जे मला कधी सांगितलं नव्हतं ते तिथं सांगितलं. मी शेजारी बसून पदर चावत होते.

गुरुवारी मी बाहेरच्या बाकावर होते, दार अर्धवट उघडं. आत मोठे साहेब आले आणि हे खाडकन उठून सावधानमध्ये उभे राहिले. दोन्ही पाय जुळलेले, छाती पुढे. साहेबांनी विचारलं, “कैसे हो जवान?” आणि हे म्हणाले, “बढिया, सर.” फौजेत वरच्या माणसाला दुसरं उत्तर देतच नाहीत म्हणे. मी तिथेच कपाळावर हात मारला.

दोन्ही पत्रं पाठोपाठ आली. बोर्डाने लिहिलं, अपंगत्व आता ठरावीक टक्क्यांच्या खाली आहे, त्याची पेन्शन बंद. विम्याने लिहिलं, गुडघ्याच्या अपंगत्वामुळे पॉलिसी देता येत नाही. मी दोन्ही कागद पोळपाटावर शेजारी शेजारी ठेवले आणि पुन्हा पुन्हा वाचले. एका कागदात माझा नवरा बरा झालेला, दुसऱ्यात लंगडा. एकाच आठवड्यातला एकच माणूस. मला रडावं की हसावं तेच कळेना.

मास्तरांना दोन्ही कागद दाखवले. त्यांनी चष्मा पुसून दोन्ही वाचले. मग म्हणाले, दोनच वाटा आहेत. विम्याचं पत्र जोडून बोर्डाकडे अपील करा, पेन्शन कदाचित परत मिळेल. नाहीतर बोर्डाचं पत्र जोडून विम्याचा नवा फॉर्म भरा, पॉलिसी कदाचित मिळेल. दोन्ही एकदम करता येणार नाही. आज बरा आणि उद्या लंगडा, असं कुणी मानणार नाही.

मी म्हटलं, “अपील करा. ती पेन्शन तुमच्या हक्काची आहे. तुमच्या पायाची आहे.” खरंच तसं वाटत होतं का मला? विमाही हवा होता. मला दोन्ही हवं होतं, आणि ते बोलायला जीभ रेटेना.

मास्तरांनी पिशवीतून नवा फॉर्म काढला होता, तो यांनी ओढून घेतला. मास्तर सवयीने पेन्सिलीची फुली मारायला वाकले, तर हे म्हणाले, “द्या इकडे, मी भरतो.” नाव लिहिलं, वय लिहिलं, वारस म्हणून माझं नाव लिहिलं. मग तो रकाना आला. शरीरात काही व्यंग आहे का.

यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘नाही’.

“अहो,” मी म्हटलं, “खोट्यावर सही करणार नव्हतात ना?”

“सरकार म्हणतंय मी बरा आहे,” हे म्हणाले. सही केली, फॉर्म मास्तरांना दिला, आणि टेबलाला दोन्ही हातांनी धरून उठले.