पंचांपुढे वाचलेली दुखणी

पंच बसवा असं मला कोणी सांगितलं नव्हतं. ते मी माझ्या अकलेनं केलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण बोलण्याच्या ओघात दोष इकडंतिकडं ढकलायची माझी जुनी खोड आहे.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. चांदा जिल्हा तेव्हा एकच होता आणि गडचिरोली ही त्यातली एक तहसील. मी तहसील कचेरीत कारकून होतो. मॅट्रिक झालेला, इंग्रजी बरं, म्हणून नागपूरहून आलेल्या एका डॉक्टरांच्या हाताखाली मला काही महिने उसनं देण्यात आलं. डॉक्टरांकडं परदेशात तयार झालेला एक इंग्रजी फॉर्म होता. त्यात बत्तीस प्रश्न होते. डोकं दुखतं का, चक्कर येते का, पोट फुगतं का, असे. माणसानं होय किंवा नाही एवढंच सांगायचं. डॉक्टर मोजके आणि जंगल अफाट, तेव्हा गावोगाव आधी फॉर्म जाणार आणि जिथं गरज दिसेल तिथं मागून डॉक्टर जाणार, अशी योजना होती.

मराठी मी केलं आणि त्याचा मला फार तोरा होता. पण डॉक्टर म्हणाले, भाषांतर झालं म्हणजे काम झालं असं नाही. आधी एका गावात फॉर्म पारखून घ्यायचा. त्याच माणसांना तेच प्रश्न पंधरा दिवसांनी पुन्हा विचारायचे. उत्तरं जुळली तर प्रश्न लोकांना कळतोय. जुळली नाहीत तर प्रश्नात खोट आहे, तो काढायचा. "एकेकाला बाजूला घेऊन विचारा," एवढी एकच ताकीद त्यांनी दिली.

वडशाच्या पलीकडचं एक गाव ठरलं. धानकापणीचे दिवस होते. मी बांध्याबांध्यांतून हिंडलो, कोणाला कापलेल्या धानाच्या पुंजण्याच्या आडोशाला बसवलं, कोणाला गोठ्याच्या सावलीत. एक बाई होती, तिशीची असेल. बोलायला मोठी खट्याळ. पोट फुगतं का विचारल्यावर म्हणाली, "फुगाले आधी भरलं पायजे ना, भाऊ." मी हसलो. मग पुढचा प्रश्न विचारला, अंगाचा एखादा भाग बधिर झालाय का, चिमटा काढला तरी कळत नाही असा?

इकडंतिकडं पाहून तिनं पदर सारला. डाव्या कोपराशी रुपयाएवढा फिकट डाग होता आणि त्याच्या खाली भाजल्याची ताजी खूण.

"चुलीचा चटका बसला त मले समजलाच नाई," ती म्हणाली. "घरी कोणाले सांगतलं नाई अजून. काऊन होत असंन, भाऊ?"

डॉक्टर सांगतील, असं म्हणून मी 'होय' लिहिलं. आपल्या प्रश्नानं दडलेलं दुखणं बाहेर काढलं याचाच मला आनंद झाला होता. ती घाबरलेली आहे हे मला दिसलं होतं, पण ते कुठं लिहायला रकाना नव्हता.

तिसऱ्या दिवशी सगळे फॉर्म भरून झाले आणि मला ते कच्चे वाटायला लागले. कचेरीत माझं आयुष्य पंचनाम्यांत गेलेलं. चार लोकांसमोर वाचून दाखवलेला नाही, पंचांची सही नाही, जबाब देणाऱ्याचा अंगठा नाही, तो कागद आमच्या लेखी कागदच नव्हे. डॉक्टर शिकलेले असतील, पण कागद कसा पक्का करायचा ते मला ठाऊक, असं माझ्या डोक्यात शिरलं. त्यांनी खूश होऊन आमच्या तहसीलदारसाहेबांना दोन ओळी लिहाव्यात अशी आशाही होती. मी गावातले दोन वडीलधारे पंच म्हणून बसवले आणि दुपारी सगळ्यांना पिंपळाखाली बोलावलं.

दंडारीचा खेळ बघायला जमावी तशी माणसं जमली. मी एकेक फॉर्म मोठ्यानं वाचायला लागलो. कोणाला मूळव्याध निघाली, कोणाला गॅस. लोक खदखदून हसत होते आणि मी चेकाळलो. नाटकातल्यासारखे आवाज काढून मी लोकांची दुखणी वाचली. आज हे लिहितानासुद्धा कानशिलं तापतात.

त्याच भरात तिचा फॉर्म हातात आला. "बधिर भाग, होय. डावं कोपर," मी वाचलं.

हसणं थांबलं. एका म्हातारीनं शेजारचं लेकरू ओढून मांडीवर घेतलं. कोणीतरी हळूच म्हणालं, "रगतपिती." महारोगाला तिकडं हेच नाव. समोर बसलेला तिचा नवरा उठून निघून गेला. ती मात्र उठली नाही. माझ्याकडं पाहत पुढं आली, शाईच्या गादीवर अंगठा टेकवला आणि कागदावर उमटवला.

तिच्यानंतर ज्याचा नंबर होता तो पुढं येईना. त्याच्या मागचाही येईना. त्या गादीला कोणी हात लावायला तयार नव्हतं. मी गादी उचलून पिशवीत टाकली, आणि उचलताना मीसुद्धा ती कडेला दोन बोटांनीच धरली. तिनं ते पाहिलं.

पंधरा दिवसांनी दुसऱ्या फेरीला गेलो तेव्हा ती गोठ्यात राहत होती. ताटली वेगळी, मडकं वेगळं. तिची पोरगी अंगणातून तिला हाक मारत होती आणि सासू पोरीला धरून होती. मी दारात उभा राहिलो. माफी मागावी असं मनात आलं, पण तोंडातून निघाले ते प्रश्नच.

प्रत्येक प्रश्नाला ती 'नाई' म्हणाली. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत 'नाई'. कोपर पदरात घट्ट गुंडाळलेलं होतं. संपल्यावर म्हणाली, "आता हेबी वाचून दाखव, भाऊ. तसंच मोठ्यानं, सगळ्याईले आयकू जाईन असं."

मी पुन्हा पंच बसवले. धडधडीत खोटं आहे हे माहीत असून मी ते वाचलं, तिचा नवरा ऐकेल इतक्या मोठ्यानं. पंच म्हणाले, सरकारी कागदात नाई लिवलं म्हणजे नाई. त्या दिवशी तिला घरात घेतलं. पोरगी धावत येऊन तिला बिलगली.

डॉक्टरांनी दोन्ही फेऱ्यांचे कागद शेजारी ठेवले. दुसऱ्या फेरीत अख्खं गाव ठणठणीत होतं. मूळव्याधही गेली होती आणि गॅसही; असली दुखणी येतात-जातात म्हणून डॉक्टरांनी ती सोडून दिली. पण डॉक्टरांचं बोट तिच्या फॉर्मवर थांबलं. "हिचं आधी होय आणि आता नाही. असं कसं?"

त्या क्षणी मी खरं बोलायला हवं होतं. डॉक्टरांच्या पेटीत त्या रोगाच्या गोळ्या होत्या, मी स्वतः मोजून ठेवल्या होत्या. बोललो तर तिला पुन्हा गोठ्यात काढतील, म्हणून गप्प बसलो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. डॉक्टरांना एकट्यात सांगता आलं असतं. तेही तिला बहाण्यानं बोलावून गोळ्या देऊ शकले असते. पण मग पंचांची गोष्ट निघाली असती.

"अडाणी बाई आहे, साहेब," मी म्हणालो. "काय विचारलं ते तिला कळलं नसेल."

"म्हणजे प्रश्नच लोकांना कळत नाही," डॉक्टर म्हणाले आणि लाल पेन्सिलीनं त्यांनी तो प्रश्न खोडला. माझी चूक त्यांनी माझ्या भाषांतरावर टाकली आणि मी ती मुकाट्यानं घेतली, कारण माझ्या खऱ्या दोषापुढं ती फारच हलकी होती. त्या बाईचं पुढं काय झालं मला माहीत नाही. जाऊन विचारायची हिंमत मी कधी केली नाही.

एकतीस प्रश्नांचा फॉर्म घेऊन आम्ही पुढच्या गावांना निघालो. तिसऱ्या की चौथ्या गावात एका लाकूडतोड्याची उत्तरं घेतली. सगळं झाल्यावर त्यानं उजवा हात माझ्यापुढं धरला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं होतं.

"आन् हे?" त्यानं विचारलं. "इथी टोचलं तरी समजत नाई. हे काऊन नाई विचारून राह्यले?"

ते काय आहे हे मला कळलं होतं. डॉक्टरांची जीप गावाच्या तोंडाशी उभी होती, हाकेच्या अंतरावर.

"फॉर्ममध्ये नाही ते," मी म्हणालो.

"मंग काई नसंन," तो म्हणाला. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला, आणि कुऱ्हाड खांद्यावर टाकून तो हसतहसत कामाला गेला.