आत्याच्या तोंडचं नाव

वहिनीची दोन बाळं आठवड्याच्या आतच गेली होती. तिसरी मुलगी सातव्या महिन्यातच जन्मली, एवढीशी. रडायचंही बळ नव्हतं तिला, नुसतं तोंड उघडायची. शहापूरच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं तिला वहिनीच्या उघड्या छातीशी बांधलं आणि सांगितलं, "अशीच ठेव. आवाज येईल हिला." सव्वा महिना ती बाई घरी जाण्याआधी रोज आमच्या खाटेपाशी थांबायची. तिचं नाव हयात.

निघताना मी तिला नावाचा अर्थ विचारला. म्हणाली, अरबी नाव आहे, आजीनं ठेवलेलं. हयात म्हणजे जीवन. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. आमचं तिथेच ठरलं.

मुरबाडकडे घरी आल्यावर नाव ऐकून माझे वडील, आबा, बिथरले. "आपल्यात असलं नाव कोण ठेवतं गो? धोंडी ठेव. धोंड्याला नजर लागत नाय. दोन गेली, इसरलीस काय?"

मला भयंकर चीड आली. मग ते वाकून बाळाचा श्वास चालतोय का बघताना दिसले. म्हातारा तिसऱ्या मरणाला घाबरला होता.

"आबा," मी विचारलं, "रेल्वेच्या पेन्शनीसाठी दर नोव्हेंबरात बँकेत काय देता तुमी?"

"हयातीचा दाखला. का?"

"तीच ही हयात. अरबस्तानातून आलेला शब्द. तुमी जिवंत हाय, हे त्याच्यावरच मानतात ना? मग नातीला का नको?"

आबा अंगणात जाऊन बसले. होकार काही दिला नाही. पण बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि या घरात आत्या मी एकटीच. मी कुणाचं ऐकणार होते!

बारशाला मी पाळण्यावर वाकले. नाव सांगताना बायका आत्याच्या पाठीत गुद्दे घालतात. आमच्या वाडीतल्या बायकांनी तर त्या दिवशी हात साफ करून घेतले. नाव हळूच सांगायचं असतं. मी कुर्र केलं आणि चक्क ओरडले, "हयात!"

पोरगी दचकली. तिचे ओठ थरथरले, आणि तिनं जन्मल्यापासून पहिल्यांदाच असा टाहो फोडला की बायका पाळणा म्हणायच्या थांबल्या. वहिनी हसता हसता रडायला लागली. माझा आनंद मला आवरेना.

तेवढ्यात अंगणातून आबांचा आवाज आला, अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असा:

"आयकलं काय रे? आमची हयात रडते!"