चिंचोक्यांचा दात

हे कुणाला सांगायचं नाही, असं माझ्या वर्गातल्या ज्योतीने मला शपथ घालून बजावलं होतं. पण विज्ञान प्रदर्शनाच्या एका दातामागे इतके किस्से साठलेत की राहवत नाही. एरवी मी वर्गात हजेरीसुद्धा हळूच देते!

विषय सावंत बाईंनी दिला: दात तयार होताना पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारे रेणू.

ज्योती म्हणाली, "बाई, दात आपसूक येतत मां? तेंका कोण चिकटवता?"

"तेच तर दाखवायचंय!" बाई म्हणाल्या.

मॉडेल दोघींनी करायचं, परीक्षकांसमोर बोलायचं मात्र मी. मी गप्प राहिले, तर आमचं मॉडेल तालुक्यातच अडकणार, जिल्ह्याला जाणार नाही.

*

चिंचोके म्हणजे पेशी. आधी ते खळीने दाताच्या आकारात चिकटवले. सकाळी पाहतो तर खळ मुंग्यांनी खाल्लेली, चिंचोके टेबलभर!

बाई म्हणाल्या, "वा! दात येण्याआधीच किडला!"

*

मग ज्योतीने घरून करवंटीत फणसाचा चीक आणला. चीक चिकटू नये म्हणून हाताला खोबरेल लावतात, तेच विसरली आणि गडबडीत तिची वेणीच दाताला चिकटली. शेवटी कात्री आणली. तेवढ्यात तिची आई माशांची पाटी घेऊन दारात.

"दाताक केस इले काय गो?"

हीच ती न सांगायची गोष्ट!

*

बाईंनी रिकाम्या वर्गात माझी तालीम घेतली. "या रेणूंमुळे..." एवढंच माझ्या तोंडून आलं.

ज्योती म्हणाली, "पुढचा सगळा दातांत अडाकला काय गो?"

*

प्रदर्शनाच्या सकाळी ज्योतीने सुटलेले चिंचोके ताज्या चिकाने बसवले. परीक्षक आले. "नुसतं चिकटवलंय. यात विज्ञान काय?" म्हणत त्यांनी दातावर तळहात दाबला.

हात निघेना! ओढला, तर दात हातासोबत वर. बाई पांढऱ्याफटक.

माझं तोंड कसं उघडलं, देव जाणे. "सर, ओढू नका. पेशीसुद्धा ओढून सुटत नाहीत. वेळ आली की त्या स्वतःच पकड सैल करतात आणि आपल्या जागी सरकतात. नुसत्या चिकटून बसल्या, तर दाताला आकारच येणार नाही!"

आणि मी त्यांच्या हातावर ज्योतीने या वेळी आठवणीने आणलेलं खोबरेल ओतलं. हात अलगद सुटला. हॉलभर टाळ्या!

सर तळहात बघत राहिले. "आणि हा लांब केस कुठल्या पेशीचा?"

ज्योती टेबलाखाली. पण माझा आवाज आता सापडला होता. मी म्हटलं, "सर, तो केस..."

थांबा, ज्योती हाका मारतेय. "गो, जिल्ह्याक जावची गाडी इली! तेलाची बाटली घे!"

आले गं! तर मी सरांना म्हटलं, तो केस म्हणजे... जाऊ दे, उरलेलं जिल्ह्याहून आल्यावर सांगते!