पुसायची राहिलेली बरणी

शाळेत त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. सगळ्यांच्या त्या बर्फबाई. सव्वीस वर्षं विज्ञानाच्या तासाला थर्मासमधून घरचा बर्फ आणणाऱ्या बाईंना दुसरं काय म्हणणार? नवरा कुरकुरायचा, "अगं, फ्रीजमध्ये माणसांसाठीही जरा जागा ठेव!"

बाईंचा हट्ट एकच, उत्तर आपण सांगायचं नाही, पोरांनी शोधायचं. नव्या मुख्याध्यापकांना हे खेळ पटत नव्हते. "आज बघतो. नाही पटलं तर सोमवारपासून या तासाला धडा वाचून घ्या," म्हणत ते मागच्या बाकावर बसले. 

प्रयोग साधाच. बरणीत बर्फाचा चुरा, झाकण घट्ट, वजन चारशे बारा ग्रॅम. बर्फाचं पाणी झालं तरी वजन तेवढंच भरायला हवं. पाणी झालं, बाईंनी बरणी काट्यावर ठेवली. चारशे चौदा!

घ्या! हात दाखवून अवलक्षण. दरवेळी त्या बरणी बाहेरून पुसायच्या, आज धास्तीनं तेच राहिलं. एका वाक्यात सांगून सुटता आलं असतं. मुख्याध्यापक घड्याळ बघत होते, हातचा तास जाणार हे दिसत होतं. तरी बाईंनी ओठ घट्ट मिटले. आयुष्यात एवढं जड त्यांना काही गेलं नव्हतं.

"वितळल्यावर बर्फ जड होतो," एक जण म्हणाला.

"छे, काटाच बिघडलाय!"

तेवढ्यात वर्षभर तोंडातून ब्र न काढलेली एक मुलगी उठली. तिनं बरणीवरून बोट फिरवलं. "बाहेरून ओली आहे." तिनं रुमालानं बरणी पुसली. चारशे बारा!

"म्हणजे बरणी गळते?" मुख्याध्यापकांना राहवलं नाही.

"गळली असती तर वजन वाढलं कसं, सर? हे हवेतलं असेल. गार लागून पाणी झालं."

"कशावरून?"

मुलीनं बाईंकडे पाहिलं. बाई गप्पच. मग तिनं ओला रुमाल सरांच्याच हातात दिला. "खिडकीत वाळत घाला. परत हवेत जातं का बघा."

दिवसभरात मुख्याध्यापक तीनदा रुमाल चाचपून गेले. शाळा सुटताना ते घडी घातलेला रुमाल घेऊन दारात आले.

"वाळला," ते म्हणाले. "बाई, सोमवारी बर्फ जरा जास्तच आणा. मलाही एक बरणी लागेल."

बाईंना रडूच फुटलं.