रिद्धीचा मिरचीवरचा निबंध

नंदुरबारच्या पारसमलशेठांची नात रिद्धी आता इंग्रजीत एम.ए. करते. घरात तिच्या इंग्रजीचं कोण कौतुक! पण कुणी तिच्या पहिल्या निबंधाचा विषय काढला, की ती पाणी आणायच्या निमित्ताने उठून आत जाते.

बारावीपर्यंत तिची आणि इंग्रजीची नुसती तोंडओळख. कॉलेजात पहिल्याच वर्षी मॅडमनी माहितीपर निबंध सांगितला. ठाऊक आहे तेच लिहा, आणि कुणाकडून कळलं तेही लिहा, म्हणाल्या. रिद्धीने मिरची घेतली. शेठांची पथारी होती, म्हणजे ओली लाल मिरची वाळत घालायचं मोठं मैदान. पण मिरचीवरच वाढलेल्या या मुलीला मिरचीतलं ओ की ठो कळत नव्हतं.

सांगितलं सगळं रूपलीबाईने. ही तळोद्याकडच्या डोंगरातली, वीस वर्षं हंगामात देठ खुडायला येणारी. हात न थांबवता ती बोलत राहिली. मिरची कानाशी हलवून बी वाजलं तरच वाळली समजायची, रंग उडालेली फटकी वेगळी काढायची, दंव पडायच्या आत ढीग झाकायचा. तीन दुपारी रिद्धीने वही भरली. फटकीला इंग्रजी शब्द शोधता शोधता तिचं डोकं उठलं. रूपलीबाईने एकच मागितलं, त्यात माझं नाव घाल. रिद्धीने हो म्हटलं.

आणि लिहिताना लिहिलं, ‘माझे आजोबा सांगतात’. लबाडी म्हणून नव्हे हो. त्या घरात माल कुणीही निवडो, पोत्यावर छाप शेठांचाच. तो निबंधावरही पडला. शिवाय मजूर बाईपेक्षा व्यापारी वजनदार दिसेल, असंही तिला वाटलं होतं. हे स्वतःशी कबूल करायला तिला बरेच दिवस लागले.

निबंध कॉलेजच्या अंकात छापून आला. शेठांनी दहा वर्षांत पथारीवर पाय ठेवला नव्हता, तरी लोकांच्या शाबासक्या हसत घेतल्या. रूपलीबाईने मात्र वाचून दाखव म्हटलं. रिद्धी एकेक वाक्य वाचून अर्थ सांगत गेली, आणि वाक्यात ‘माझे आजोबा’ आले की बेधडक ‘रूपलीबाई सांगते’ म्हणत गेली. बाकीच्या बाया खुडणं थांबवून रूपलीबाईकडे बघायला लागल्या. ती लाजली आणि एक झेरॉक्स मागून बसली. होळीला गावी जाऊन आश्रमशाळेत नववीला असलेल्या नातीला दाखवायची होती. रिद्धीला तेव्हाच खरं सांगता आलं असतं. तिने झेरॉक्स आणून दिली.

होळी करून रूपलीबाई परतली ती कागद घेऊनच.

“बेटा, नातले मन्हं नाव सापडनं नही. नववीम्हा शे, तरी वाचता येत नही. मी तिले सर्वासमोर रागे भरं. तू नावना खाले रेघ मारी दे.”

पोरीची काही चूक नाही, एवढंच तर रिद्धीला म्हणायचं होतं, आणि तेही इंग्रजीत नव्हे. रूपलीबाई कागद पुढे धरून उभी होती. रिद्धीने पेन घेतलं आणि ‘माय ग्रँडफादर’खाली रेघ मारली. रूपलीबाईने रेघेवरून बोट फिरवलं आणि जपून घडी घातली.

पुढच्या हंगामात ती आली नाही. कारण काहीही असेल, असं रिद्धी मनाला समजावते, पण तिला ते पटत नाही. रेघ मारलेले ते दोन शब्द नववीतल्या पोरीला सहज वाचता येतात.