घरमालकाची चिठ्ठी

"हे जातंय कुठं, बाब?" असं तो कशाबद्दलही विचारायचा. काजू भरलेला टेम्पो दिसला की, सुर्ल्याहून खनिजाचे ट्रक धूळ उडवत निघाले की. आणि ज्या बिजागऱ्या तो कारखान्यात दिवसभर बनवायचा, त्यांच्याबद्दल तर रोजच.

डिचोलीला आमच्या घराच्या मागच्या खोलीत तो पाच वर्षं भाड्यानं राहिला. कोल्हापूरकडचा, तिशीचा, एकटा. वाड्यावर सगळे त्याला 'घाटी' म्हणत, मीही म्हणायचो. तो मात्र माझ्यासारख्या अठरा वर्षांच्या पोराला मानानं 'बाब' म्हणे. रविवारी खोलीच्या पायरीवर बसून तो जुनं वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचून काढी. बसायचा तो अगदी कडेला. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, दुसऱ्यासाठी जागा ठेवून बसणारी. तिथं कुणी येऊन बसलेलं मला आठवत नाही.

गोवा राज्य झालं, त्या उन्हाळ्यात मी बारावी झालो. भिंतींवर मराठी-कोंकणी वादातल्या घोषणा अजून पुसल्या नव्हत्या. सरकारी कॉलेजचा अर्ज भरताना वडिलांनी सांगितलं तसं मी शाखेच्या रकान्यात 'वाणिज्य' लिहिलं.

"कॉमर्स का घेतलं?" त्यानं विचारलं.

"बँकेत नोकरी मिळते म्हणे."

त्यानं खिशातून घडी घातलेला अर्ज काढला. त्यावरही 'वाणिज्य'च होतं.

"मीबी जाणार हाय. दुपारची पाळी मागून घेतलीय. सकाळी कॉलेज, मग कारखाना. आपण केलेला माल कोण मागवतंय, कोण दर ठरवतंय, एवढं तरी कळाय नको?"

मला हसू आलं. शाखा निवडायला असंही कारण असू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

अर्ज द्यायला आम्ही एकाच बसनं गेलो. कॉलेजच्या खिडकीपाशी तो माझ्या पुढे होता. कारकुनानं त्याची गावाकडची गुणपत्रिका उलटसुलट पाहिली.

"गोव्यात राहता त्याचा पुरावा? घरमालकाची चिठ्ठी तरी आणा. उद्या शेवटचा दिवस."

त्यानं मागं वळून माझ्याकडे पाहिलं. 'हा आमच्याच घरी राहतो', एवढं एक वाक्य होतं. मी माझ्या अर्जावरची सही पाहत राहिलो.

संध्याकाळी तो आमच्या अंगणात आला. चपला बाहेर काढून उभा राहिला.

"दोन ओळी लिहून देता काय?" त्यानं वडिलांना विचारलं.

"चिठ्ठी कशाला? राहतोस ना? कोण काढतंय तुला?" वडील म्हणाले.

तो "बरं" म्हणून गेला. रात्री जेवताना वडील आईला हळूच म्हणाले, "आज चिठी दिल्यार फाल्यां खोलीचो हक्क सांगतलो."

"पांच वर्सां आसा तो," आई म्हणाली. "केन्ना आवाज चडोवंक ना." त्यानं कधी आवाज चढवला नव्हता, हे खरंच होतं.

वडील जेवत राहिले. मीही.

मला प्रवेश मिळाला, त्याला चिठ्ठीवाचून नाही. कॉलेजसाठी मागून घेतलेली दुपारची पाळी मात्र त्याला आता बदलून मिळेना, त्यामुळे सकाळी त्याला काही कामच नसे. मी वह्या घेऊन निघायचो तेव्हा तो पायरीवर बसलेला असायचा.

"निघालात, बाब? जावा, जावा. शिकून घ्या."

त्या स्वरात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दिवाळीला तो गावी गेला, तो आलाच नाही. महिन्याभरानं कारखान्यातला एक माणूस येऊन त्याची ट्रंक घेऊन गेला. मी कॉलेजात होतो. आईनं खोली झाडून घेतली.

नाताळच्या सुट्टीत मी एक अंतर्देशीय पत्र आणलं. त्या दिवशी खिडकीपाशी मी का बोललो नाही, ते सगळं लिहून काढलं. पत्र चिकटवून पत्ता लिहायला घेतला. त्याचं नाव लिहिलं आणि थांबलो. आईला विचारलं, वडिलांना विचारलं. पाच वर्षांत त्याचं गाव कोणतं, हे आमच्या घरात कुणीच त्याला विचारलं नव्हतं.