प्रॉम्प्टर नानांचे स्पीकर

प्रॉम्प्टर नाना कुजबुजले की शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जायचं. जत्रेच्या नाटकात विंगेत बसून पात्रांना त्यांची वाक्यं हळूच सांगायची, हे त्यांनी जन्मभर केलं. हळूच म्हणजे त्यांच्या मते हळूच. वय वाढलं, कानाने कमी ऐकू येऊ लागलं, तसा त्यांचा आवाज वर्षागणिक चढत गेला, आणि ही गोष्ट त्यांना सोडून सगळ्यांना ठाऊक होती. पेडण्याजवळच्या त्यांच्या गावात प्रेक्षक प्रत्येक वाक्य दोनदा ऐकत. आधी नानांकडून, मग राजाकडून. एकदा राजाचं काम करणारा नानांच्या आधीच बोलून मोकळा झाला, तर पुढे बसलेल्या म्हाताऱ्या एकमेकींना म्हणाल्या, "राजाक आज इतली घाय कसली गे?"

गोव्यात भाषेवरून किती भांडणं झाली ते तुम्हाला माहीत आहे. नानांच्या तोंडात मात्र दोघी सुखाने नांदत होत्या. बोलणं कोकणीत, कुजबुज मराठीत. पंचायतीतून कारकून म्हणून निवृत्त होऊन ते डिचोलीत एकटे राहत, आणि त्यांच्या घरामागची खोली माझ्याकडे भाड्याने होती. मी सिंधुदुर्गातल्या आतल्या गावचा, सातवीत शाळा सोडलेला, खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर. आज मस्कतमध्ये बसून हे लिहितो आहे. शुद्धलेखन चुकलं असेल तर आधीच माफ करा.

नाना मला 'पात्रांव' म्हणत. पात्रांव म्हणजे मालक. माझ्या मालकीचं काय होतं, तर एक ट्रंक आणि एक टीव्ही. शिवाय मी स्वभावाने घाबरट. ट्रकचा हँडब्रेक ओढला की दोनदा परत जाऊन बघायचा, कुलूप लावलं की ओढून बघायचं, पत्र पेटीत टाकलं की पेटीत हात घालून चाचपायचं. नाना हे सगळं ओसरीवरून बघत आणि म्हणत, "भियेता कित्याक रे पात्रांव? पार्ट चुकलो तर हांव आसा मरे." घाबरतोस कशाला, चुकलास तर मी आहे ना. सांगत होते ते मला, पण हे वाक्य त्यांनी आयुष्यभर भेदरलेल्या राजांना आणि ऋषींना सांगितलेलं असणार.

एका गोष्टीची भीती मात्र खरी होती. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि सुनंदा, माझी बायको, गावी माझ्या आईकडेच होती. एकदा ती आठ दिवस डिचोलीला येऊन गेली. खोलीसमोरून दिवसभर खनिजाचे ट्रक जायचे, लाल धूळ भातावर बसायची, म्हणून जनेल कायम लावलेलं. त्या बंद खिडकीआड ती एकटी बसून राहायची. मी पहाटे जाणार, दिवे लागताना येणार. नवव्या दिवशी तिने पिशवी भरली. "माका हय करमाक नाय," एवढंच म्हणाली. मग आईचं पत्र आलं. चवथ, म्हणजे गणपती, झाली की सुनंदा आणखी एकदा येईल; या खेपेला तिचं मन रमलं नाही तर ती कायमची गावीच राहील, मग पुन्हा विषय नको.

मी खूप विचार केला आणि माझ्या शिक्षणाला शोभेल असा उपाय शोधून काढला. आमच्यातल्या एका ड्रायव्हरने घरी होम थिएटर आणलं होतं. पाच छोट्या पेट्या आणि एक मोठी. ती सुरू झाली की शेजारच्या घरातल्या कपबशा चालू लागत. त्याची बायको खूश होती. तेव्हा आपणही पेट्या आणाव्यात, म्हणजे बायको राहील. यात चूक काय आहे हे मला कळायला बराच वेळ लागला. पण चूक असेल अशी भीती वाटत होती, म्हणून नानांना विचारलं.

नानांनी आधी खोलीत उभं राहून एक टाळी वाजवली आणि कानामागे हात धरला. मग म्हणाले, "पाच पेटयो? ह्या कुडींत? पाच पात्रां एकदम उलयलीं तर ताका नाटक म्हणनात रे, ताका पंचायतीची मीटिंग म्हण्टात." पंचायतीत त्यांची नोकरी झालेली, तेव्हा हा अधिकृत अभिप्राय होता. त्यांचा निकाल असा, की फळीवर ठेवायचे छोटे स्पीकर असतात, बुकशेल्फ म्हणतात, त्यांची एक जोडी घ्यायची. एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन विंगा असल्या की जग चालतं. सिनेमा त्यावर, गाणं त्यावर. आणि मोठी पेटी मुळीच नको. "जमीन हालोवपाक तुजे ट्रक आसात."

रविवारी आम्ही म्हापशाला गेलो. दुकानात खोक्यांवर एवढाले आकडे छापले होते, इतके हजार वॅट, तितके हजार वॅट. मी आकडा बघून मान डोलवत होतो. नाना खोक्यांकडे बघेनात. त्यांनी एकेक पेटी उचलून वजन घेतलं, बाजूवर बोटाच्या पेराने टकटक केलं, फणस बघतात तसं. प्लॅस्टिकच्या पेट्या पोकळ वाजल्या. "पिकूंक ना," म्हणाले. लाकडी, जड आणि मुक्या तेवढ्या बाजूला काढल्या. मग खिशातून सीडी काढली. त्यांच्या गावच्या जत्रेच्या नाटकाची जुनी कॅसेट त्यांनी कुणाकडून तरी सीडीवर करून घेतली होती.

दुकानदाराने आधी आपली सर्वांत गाजणारी पेटी लावली. तबला असा धडधडला की माझ्या छातीत माझं इंजीन सुरू झाल्यासारखं वाटलं. मी खूश. नाना नाराज. "बंद कर. हांतूंत हांव खंय?"

"तुमी?" दुकानदार म्हणाला.

"दुसरी लाव."

दुसऱ्या पेटीत हार्मोनियम माशी अडकल्यासारखी गुणगुणली. तिसरी जोडी साधी, काळी, कोपऱ्यात धूळ खात होती. तीत तबला तबल्याच्या जागी वाजला, हार्मोनियम हार्मोनियमच्या जागी, राजा मधोमध उभा राहिला, आणि राजाच्या उजवीकडून, खाली, कुणीतरी स्वच्छ मराठीत बोललं: "प्रधानजी, हा अपमान आम्ही सहन करणार नाही." मग राजा म्हणाला, "प्रधानजी, हा अपमान आम्ही सहन करणार नाही."

दुकानदार दचकला. "नाना, हो मदीं मदीं कोण उलयता?"

"तो हांव," नाना म्हणाले. लाजले होते, पण पुरते नव्हे. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पात्रांव, ही घे. जी पेटी प्रॉम्प्टराक बुडयना, ती कोणाकच बुडोवची ना."

ती दुकानातली सर्वांत स्वस्त लाकडी जोडी निघाली. दुकानदाराला याचं दुःख झालं, मला आनंद. ज्या माणसाला स्वतःला कमी ऐकू येतं त्याने निवडलेले स्पीकर चांगले कसे असतील, अशी शंका मला परतीच्या बसमध्ये आली. मी ती भीत भीत विचारली. नाना शांतपणे म्हणाले, "म्हाका आयकूं येता म्हणटकच सगळ्यांक येतलें."

स्पीकर आले. फणसाची फळी आली. आता ती भिंतीवर किती उंच ठोकायची? नानांनी सांगितलं, ऐकणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर. वर नको, खाली नको. मी चटईवर बसलो. त्यांनी माझ्या कानाजवळ पेन्सिल नेली आणि थांबले. "पूण तूं दीसभर ट्रकार. आयकतलें कोण?"

"सुनंदा."

"मगे तिचो कान खंय येता? बसल्यार?"

मला सांगता येईना. माझ्या ट्रकची उंची मला ठाऊक होती, फाळक्याची ठाऊक होती, कुठल्या पुलाखालून भरलेली गाडी जाते ते ठाऊक होतं. बायको बसली की तिचा कान कुठे येतो, ते ठाऊक नव्हतं. मी हात वर केला, खाली केला, पुन्हा वर केला. नाना त्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. "ती येंव दी. उपरांत ठोकूंया."

त्यामुळे चवथीनंतर सुनंदा आली तेव्हा दोन स्पीकर जमिनीवर होते आणि फळी भिंतीला टेकून उभी. तिने हातपाय धुतले न धुतले तोच नाना पेन्सिल घेऊन दारात. "बाय, इल्लीं हांगा बस." ती घाबरून भिंतीला पाठ लावून बसली. नानांनी कानापाशी रेघ ओढली, दोन पावलं मागे जाऊन बघितली, आणि निघून गेले. "ह्या काय?" तिने मला विचारलं. मी सगळं सांगितलं. ती हसली. तिला हसताना मी लग्नानंतर कितव्यांदा बघत होतो, ते सांगायला नको.

त्या हसण्याने मी चढलो. फळी ठोकली, जोडणी केली, आणि तिला समोर बसवून दुकानदारासारखा बोलायला लागलो. हा लाकडी आहे, प्लॅस्टिक नाही. हा आवाज डावीकडून येतो बघ, हा उजवीकडून. ती ऐकत होती. मी बोलत होतो, कारण थांबलो तर ती पिशवीकडे बघेल असं वाटत होतं. इतक्यात बाहेरून, ओसरीवरून, अत्यंत हळू आवाजात, म्हणजे रस्त्यापलीकडच्या सायकलवाल्याने मान वळवली इतक्या हळू, कुजबुज आली: "पुरे. आता तिला विचार, तुला इथे काय हवं?"

मी स्पीकरची वायर चाचपत राहिलो. बाहेरून पुन्हा: "तुला इथे काय हवं!"

सुनंदाने पदर तोंडाला लावला. मग मोठ्याने म्हणाली, "नानानु, भायर कित्याक? आत येवा नि समोर विचारा."

नाना आत आले. आपली कुजबुज आत गेली कशी, याचं खरोखरच आश्चर्य त्यांच्या तोंडावर होतं. सुनंदाने उत्तर मला दिलं नाही, त्यांना दिलं. "माका बोलाक माणूस व्हया, नानानु. पेटी नको."

मला रडूच आलं. तीन वर्षांत मी तिला हा प्रश्न विचारला नव्हता. आणि या एका प्रश्नासाठी मला म्हापशापर्यंत जाऊन यावं लागलं.

सुनंदा राहिली. ती दहावी पास, नानांचे डोळे अधू झालेले. दुपारी ती ओसरीवर बसून त्यांच्या नाटकाच्या वह्या त्यांना वाचून दाखवी आणि नाना एकेका वाक्यावर तिच्याशी वाद घालत. स्पीकर वाजत, दोघांपैकी कुणी ऐकत नसे. पुढच्या जत्रेला नानांनी तिला विंगेत शेजारी बसवलं. गावच्या मंडळींनी कुरकुर केली, बायलमनीस विंगेत कशी? राणीचं काम तिथे पुरुषच करत. नाना म्हणाले, "दाडी करून राणी जाता तो बाप्या तुमकां चलता. मगे हिणें कितें वायट केलां?"

पुढे खाणी बंद पडल्या. ट्रक रांगेने उभे राहिले, त्यांच्या टायरांतून गवत आलं. मी एकटा मस्कतला आलो, सुनंदा डिचोलीतच राहिली. निघताना मला धीर नानांनीच दिला, नाहीतर मी विमानतळावरून कुलूप बघायला परत गेलो असतो.

त्यांच्या शेवटच्या जत्रेला नानांना विंगेत बसवेना. सुनंदाने एकटीने प्रॉम्प्टिंग केलं आणि ते पहिल्यांदाच प्रेक्षकांत बसले. पहिला अंक संपताच काठी टेकत आत आले, घाबरेघुबरे. "बाय, तुजें एक उतर, एक शब्द, म्हाका आयकूं येवंक ना!"

"तुमका नाय, नानानु. राजाक येवक व्हया."

नानांनी पडद्याआडून प्रेक्षकांकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, "म्हजें… भायर वतालें? लोकांक आयकूं येतालें?"

"कधीच नाय," सुनंदा म्हणाली.

हे तिने मला फोनवर सांगितलं. नंतर एका फोनवर नाना गेल्याचंही सांगितलं. मला जाता आलं नाही. त्यांच्या माझ्यावरच्या उपकारांबद्दल मी त्यांना कधी काही बोललो नाही, आणि ते सांगायचं कसं हेही मला त्यांनाच विचारावं लागलं असतं.

नाना नाहीत, मी नाही, ती तिथे एकटी कशी राहणार, म्हणून मी तिला म्हटलं की आता गावी आईकडे जा. ती म्हणाली, "तालीम सुरू झाली आसा. मी खय जावचंय नाय. तुमीच येवा." सुट्टीचा अर्ज मी काल दिला. मंजूर होईल की नाही ही काळजी आहेच. पण काळजीपोटी तो मागे घेतलेला नाही, आणि माझ्यासारख्याच्या मानाने हे पुष्कळ झालं.